माळावरचा अंगठा

तू मघाशी विचारलंस, एवढ्या नव्या फ्लॅटच्या दाराला बेल कशी नाही. होती. मीच काढून ठेवली. आता लाइट गेलेच आहेत आणि इन्व्हर्टरनंही मान टाकलीय, तर ती मेणबत्ती जरा इकडे सरकव आणि ऐक. तुला घाबरवायचं म्हणून सांगत नाही. कुणाला तरी एकदा सगळं सांगायचं होतं, ते राहून जात होतं.

ऑफिसात मला पाठीमागे सासूबाई म्हणतात, हे तुलाही ठाऊक आहे. कामच तसलं आहे माझं. कंपनीनं लोकांना दिलेले फोन आणि लॅपटॉप सुरक्षित आहेत ना, कोण कुठून काम करतोय, कुणाच्या फोनला कुलूप नाही, कुणी पोराचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलंय, हे सगळं मी बघते. आठवड्यातले काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून, अशी पद्धत सुरू झाली तेव्हापासून डोक्याला नुसता ताप झालाय. पूर्वी एका इमारतीचं दार राखलं की भागायचं. आता ज्याचं त्याचं घर म्हणजे आमचं एकेक दार. म्हणून मग नियम आला, की लॅपटॉपवर काम करताना थोडा वेळ हात थांबला तरी फोनवर पुन्हा विचारणा होणार. तुम्हीच आहात का? हो म्हणून अंगठा लावला, तरच पुढे जाता येतं. दुसरा नियम असा, की कंपनीचा फोन घरच्या वायफायला जोडायचा नाही. नियम माझे नव्हते, वरून आले होते. पण लोकांना सासूच दिसते.

आणि खरं सांगू, लोक बघतच नाहीत. फोननं विचारलं की दाबलं. आमच्या सोसायटीत तेच. गेटवर कुणी आलं की वॉचमन फोनवर विचारतो, पाहुण्याला सोडू का? घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ते एकदम येतं, आणि आमचे आप्पा, माझे वडील, नाव न वाचता दाबून मोकळे होतात. त्यावरून आमची कितीदा भांडणं झालीत. सूस हे गाव होतं तेव्हा इथे आमची शेती होती, आप्पांच्या दाराला कडी अशी नव्हतीच. जमीन गेली, हा फ्लॅट आला. शेवटचा बैल, हौशा, विकला तेव्हा त्याचं दावं तेवढं आप्पांनी ठेवून घेतलं. गॅलरीत खिळ्याला टांगलंय ते. लोकांच्या गॅलरीत कुंड्या असतात, आमच्याकडे दावं.

तर ही गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे शेखर नावाचा एक मुलगा होता, मालेचा. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावर. कामाला चोख, बोलायला कमी. त्याच्या घरात कुणीतरी गेलं म्हणून रजेवर होता, मग घरूनच काम करायला लागला आणि ऑफिसात यायचा थांबला. एके दिवशी त्याच्या खात्याचा पासवर्ड कुणीतरी चोरला. कुठल्या तरी परमुलखातून चोरानं तो वापरला, फोननं नेहमीप्रमाणे विचारलं, तुम्हीच आहात का... आणि फोनवरून लगेच हो आलं. पुढच्या एका कुलपाशी चोर अडला म्हणून निभावलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "फोन ताब्यात घे. आणि त्यानंच दुसऱ्याच्या हातात दिला असेल, तर त्याला कायमचा घरी बसव."

मी त्याच्या सगळ्या नोंदी काढून बसले. एक गोष्ट पटेना. लॅपटॉप दिवसभर गावातल्या घरात आणि फोन कायम तिथून लांब, डोंगराच्या अंगाला. शिवाय विचारणा गेली की हो यायला काही वेळच लागत नव्हता. माणसाला खिशातून फोन काढायला लागतो, तेवढासुद्धा नाही. जणू कोणी फोनवर अंगठा टेकवूनच बसलेलं होतं. मी शेखरला फोन लावला, लागला नाही. मेल केला तर उत्तर आलं, मॅडम, इथे रेंज नाही, तुम्हीच या.

निघाले. दुपारचं जेवण उरकून गाडी काढली, नांदे, लवळे करत पिरंगुटला लागले. पौड मागे पडलं तसं धुकं खाली उतरलं. पाऊस जोराचा नव्हता, नुसती बुरबुर, पण तिला खंड नव्हता. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवत होते. शेतांत भाताची लावणी होऊन गेलेली, सगळीकडे तो ओला हिरवा वास. मला तेव्हा काळजी होती ती एकच, की चांगल्या पोराला नोकरीवरून काढायचं कसं.

घर रस्त्याला लागूनच सापडलं. दार शेखरच्या बायकोनं, रेश्मानं उघडलं. दिसायला पोरच होती, पण डोळे जागरणानं ओढलेले. तिनं चहा टाकला. शेखर आतल्या खोलीतून आला तेव्हा मी त्याला पटकन ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली. भिंतीवर एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो होता, डोक्याला पागोटं, मिशीत हसणारा. फोटोला हार होता.

"फोन दे शेखर," मी म्हणाले. "कंपनीचा. तो घ्यायला आलेय."

"वर हाय," तो म्हणाला.

"वर कुठे? माळ्यावर?"

"न्हाई. माळावर. घरात रेंज येत न्हाई मॅडम. वायफायला जोडायचा न्हाई असा तुमचा नियम. मग वर ठेवतो."

"आणि वर अंगठा कोण लावतं?"

चुलीपाशी रेश्माचा हात थांबला. बाहेर पागोळ्यांचं पाणी पत्र्याच्या डब्यात पडत होतं, तेवढाच आवाज.

"बाबा लावत्यात," शेखर म्हणाला.

मला रागच आला. मी म्हणाले, अरे, हाच तर गुन्हा! कंपनीच्या फोनवर दुसऱ्याचा अंगठा! त्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. लॅपटॉपला घरात नेट होतं, पण फोनला रेंज फक्त मागच्या माळावर. दर विचारणेला चढ चढून जायचं म्हणजे काम कसं व्हायचं? त्याचे वडील भैरूबाबा रोज म्हैस घेऊन माळावर जायचेच. तिथे त्यांचं एक खोपटं होतं. शेखरनं फोन त्यांच्याकडे दिला. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आयुष्यभर तंबाखू मळून रेघा पुसून गेल्या होत्या, फोन तो अंगठा घेईना, म्हणून डावा नोंदवला. म्हाताऱ्याला एवढंच शिकवलं, की बाबा, वाजलं की दाबायचं आणि जागा सोडायची न्हाई.

"कधीच चुकले न्हाईत," शेखर म्हणाला. "मी हितनं विचारायचो, तितनं लगीच उत्तर यायचं. हिंजवडीत बसणाऱ्यांची मान्यता माझ्यापेक्षा उशिरा यायची."

"बरं," मी म्हणाले, जरा मऊ होऊन. मनात म्हटलं, साहेबांना काहीतरी समजावता येईल. "मग बाबांना हाक मार. फोन घेऊन खाली येऊ देत."

शेखर उठला नाही. रेश्मा चुलीपासून वळली आणि नुसतं भिंतीकडे बघितलं. त्या हार घातलेल्या फोटोकडे.

मला वाटलं मला कळायला चुकलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा रेश्माच बोलली.

"मामंजी आषाढात गेले, ताई."

शेखर जमिनीकडे बघत सांगायला लागला. महिनाअखेर होती, काम तुंबलेलं. दिवसभर पाऊस कोसळत होता. त्यानं सकाळी बाबांना वर पाठवलं आणि दार लावून लॅपटॉपसमोर बसला. दिवसभर विचारणा जात होत्या, दिवसभर हो येत होतं. एकही चुकली नाही. दिवस मावळला तरी बाबा आले नाहीत म्हणून तो कंदील घेऊन वर गेला. बाबा खोपटात मेढीला, मधल्या खांबाला टेकून बसले होते. फोन मांडीवर, अंगठा फोनवर. अंग लाकूड झालेलं.

"डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत." तो म्हणाला. "सकाळीच, मॅडम... आणि मला तर संध्याकाळपर्यंत..."

मी हातातला कप खाली ठेवला. चहा गार झाला होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, रेश्मानं सांगितलं. भावकीनं सगळी आश्वासनं देऊन बघितली. म्हशीला विकणार न्हाई म्हणाले, बहिणीला सांभाळू म्हणाले. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. "त्यांना काय ऐकायचं हुतं ते ह्यांना ठावं हुतं," ती शेखरकडे बोट करून म्हणाली. "पर चारचौघांत ह्यांच्या तोंडातनं निघालं न्हाई." आणि मग सुतक फिटल्यावर कामाला बसायचं म्हणून शेखर फोन वर नेऊन रिकाम्या खोपटात ठेवून आला. का ठेवला, त्याचं त्यालाही सांगता येईना. खाली येऊन त्यानं लॅपटॉप उघडला. फोननं विचारलं. लगेच हो आलं.

आता तुला खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. मी मनात म्हटलं, फोन बिघडलाय, नाहीतर पोरानं काहीतरी कळ करून ठेवलीय आणि दुःखानं डोकं फिरलंय. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या थापा पकडण्यात गेलंय. म्हणून मीच म्हणाले, चल, दाखव मला.

चढ निसरडा होता. शेखर पुढे, मी मागे. माळावर पोचलो तेव्हा धुक्यात वीसेक पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. कारवीच्या कुडाचं खोपटं, वर फाटका पत्रा. पत्र्याला भोकं पडलेली आणि आत बसायच्या दगडावर पाणी टिपकत होतं. मेढीला चार्जरच्या वायरनं फोन बांधलेला होता. खाली पिशवीत गुंडाळलेली पॉवर बँक. वायरला मारलेली गाठ मी ओळखली. आमच्या गॅलरीतल्या दाव्याला आहे तसलीच, जनावराला हिसडे देऊन सुटू नये अशी.

मी दहा पावलं लांब उभी राहिले आणि माझ्या फोनवरून शेखरच्या खात्याला एक विचारणा पाठवली. खोपटात आवाज झाला. एकदाच. माझ्या फोनवर लगेच उमटलं, मान्य.

मी पुन्हा पाठवली. मान्य.

वारा नव्हता. तंबाखू आणि चुन्याचा वास आला, ताजा, जवळून, कुणी आत्ता हातावर मळावी तसा. म्हैस बाजूला चरत होती, ती चरायची थांबली आणि खोपटाजवळ गेली. तिनं दगडाच्या समोर मान लांब केली आणि डोळे मिटून उभी राहिली. गळ्याखाली खाजवून घेताना गुरं उभी राहतात ना, तशी. तिच्या गळ्याची ती सैल कातडी हलत होती.

मला भीती वाटली. मला पळावंसं वाटलं. पण त्या भीतीखाली मला फार वाईटही वाटत होतं. त्या दगडावर पाणी टिपकत होतं गं.

"शेखर," मी हळू म्हणाले, "सांग त्यांना. बाबा उठा, झालं म्हणावं. तूच बसवलंयस त्यांना. तुझंच ऐकतील."

"उठा म्हणलं तर जातील ना, मॅडम," तो म्हणाला. तो रडत होता. "मी दिवसभर विचारतो त्यांना. काम नसलं तरी विचारतो. त्यांनी हो म्हणलं की... तेवढंच."

त्या नोंदी मी पाहिल्या होत्या. एवढ्या विचारणा कशाला करतो हा, असं मला वाटलं होतं.

मागून पायांचा आवाज आला. रेश्मा चढून वर आली होती, डोक्यावर प्लास्टिकचं घोंगतं. ती सरळ खोपटाशी गेली, वाकून दगडाला नमस्कार केला आणि मेढीची गाठ सोडायला लागली. शेखर ओरडला, "रेश्मा, नगं!" पण त्याचे पाय जागचे हलले नाहीत.

"म्हातारं माणूस पावसात भिजतंय," ती म्हणाली. "ह्यांना बाप सुटत न्हाई आन् बापाला हितनं उठता येत न्हाई. मी काय दोघांला असंच बघत बसू?" मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ताई, तुमच्याकडं कोरडं हाय ना?"

मला वाटलं ती ऑफिसाबद्दल विचारतेय. फोन कुठे ठेवणार म्हणून. "हो," मी म्हणाले, "एकदम कोरडं."

तिनं फोन पदरात घेतला आणि पदरासकट माझ्या हातात दिला. वायर उरली होती, तीही गुंडाळून वर ठेवली.

"वायर कंपनीची नाही," मी म्हणाले. "ती राहू दे तुम्हाला."

"न्हाई, ती बी न्या." तिनं माझी मूठ वरून दाबून धरली. मग खोपटाकडे तोंड करून, सासऱ्याशी बोलावं तसं खालच्या आवाजात म्हणाली, "मामंजी, आता हिकडं बघायचं न्हाई. ह्या ताईंबरूबर जावा."

म्हशीनं डोळे उघडले आणि ती हंबरली.

घरी आले तेव्हा आप्पा टीव्ही बघत होते. मी पर्स टेबलावर टाकली, त्यातून ती वायर बाहेर आली. गाठ सुटली होती तरी तिचा पीळ वायरला तसाच होता. आप्पांनी ती उचलली आणि हसून म्हणाले, "कुणाचं जनावर आणलंस?"

मी सगळं सांगितलं. ते हसायचे थांबले.

"पोरी, जनावर विकलं तरी दावं देत नसतात," ते म्हणाले. "दावं आपल्या मेढीला राहतं, तोवर त्या जनावराचा घराशी धागा राहतो. हौशाचं बघ, अजून टांगलंय. दाव्यासकट दिलं म्हणजे मागचं घर तोडलं. मग ते जनावर नव्या दारातच उभं राहतं."

"असलं काही नसतं आप्पा."

"नसंल," ते म्हणाले, आणि टीव्ही बंद करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फोन पुसला. नोंदवलेले अंगठे, खाती, सगळं काढून टाकलं. फोन आणि वायर कपाटात ठेवून कुलूप लावलं. साहेबांना सांगितलं, फोन सदोष होता, शेखरची चूक नाही. शेखरला मी लॅपटॉपला लावायची एक छोटी चावी पाठवली. तिला ना फोन लागतो, ना रेंज. अशा चाव्या आमच्याकडे खोकंभर पडून होत्या, पण त्या मिळतात हे मालेत कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. शेखरची नोकरी राहिली. मला वाटलं, संपलं.

त्या आठवड्यात मी एक दिवस घरून काम करत होते. फोन आत चार्जिंगला, मी इथे, या टेबलाशी. लॅपटॉपनं विचारलं, तुम्हीच आहात का? मी फोन आणायला उठले, तोवर पडद्यावर मान्य आलं होतं. आत जाऊन बघितलं. फोनच्या काचेवर बोटभर पांढरट डाग होता. पुसून वास घेतला. चुना. आमच्या घरात तंबाखू कुणी खात नाही.

मी फोनमधले माझे अंगठे काढून पुन्हा नोंदवले, फोन बदलला, खातं नवीन केलं. सासूबाईंना जे जे येतं ते सगळं केलं. विचारलं की मान्य यायचंच. एकदा धीर करून रिकाम्या खोलीत म्हणूनही बघितलं, बाबा, उठा, झालं काम. आप्पा दारात उभे होते. "कुठं जातील?" ते म्हणाले. "घराशी तर धागा तोडलाय. राहू दे त्यांना. कोरड्यात तरी हायेत."

खोटं कशाला सांगू, मलाही हळूहळू सवय झाली. भीती राहिली, पण पहिल्यासारखी नाही.

मग गणपती गेल्यावर शेखरचा फोन आला. माळावरून बोलत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. कामाचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, मी रोज हितं येऊन बसतो. बाबांच्या जागेवर. म्हैस आता हिकडं फिरकत न्हाई... बाबा तुमच्याकडं हायेत का?"

मी नाही म्हणायला हवं होतं की काय, ते मला आजही कळत नाही. मला वाटलं, त्याच्या जिवाला बरं वाटेल. मी म्हणाले, "हो. आहेत. कोरडे आहेत."

"मग बरंय," तो म्हणाला. "मी येतो एकदा."

त्यानंतरच्या रविवारी आप्पा नांद्याला आत्याकडे गेले होते. सूसमध्ये कडक ऊन पडलं होतं, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत टेबलावर फोन वाजला. मी हात पुसत आले. सोसायटीच्या गेटची विचारणा होती. पाहुणा, शेखर, माले. सोडायचं का? मी वाचेपर्यंत त्याखाली उमटलं, मान्य. आप्पांनी नांद्यातून दाबलं असेल म्हणून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, माझा फोन तर बंद होता, आत्ता चार्जिंगला लावला.

तरी मला आनंदच झाला, खरंच. म्हटलं, आला पोरगा. चहाचं आधण ठेवलं. लिफ्ट काही येईना. मी इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं.

"हो मॅडम, तुम्हीच सोडा म्हणालात ना," तो म्हणाला. "जिन्यानं गेलाय. लिफ्ट नको म्हणाला, पाणी पडेल म्हणे. पूर्ण ओला होता. आज इकडे पाऊस कुठं पडला कळत नाही."

इंटरकॉम ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. रेश्मा. तिच्या घरातून फोन लागत नाही, हे मला एकदम आठवलं. ती माळावरून बोलत होती. तिकडे पाऊस कोसळत होता, तिचं बोलणं तुटत होतं.

"ताई... हे सकाळपास्नं हितं बसलेत. मेढीला टेकून. हाका मारल्या तर... ताई, हात लई गार लागतोय..."

आणि तेवढ्यात बेल वाजली.

मी तिथे स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी होते. कानाला फोन, त्यातून रेश्माचं रडणं. मी जागची हलले नाही. मला हलताच आलं नाही. घरात मी एकटी होते. बेल दुसऱ्यांदा वाजायच्या आत माझ्या डोळ्यांसमोर दाराची कडी सरकली. आतून. सावकाश, म्हाताऱ्या हातानं सरकवावी तशी. दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्यात ओल्या लाल मातीचा चिखल होता, आणि कडीवर पांढरा डाग.

शेखरच्या दहाव्याला मी मालेला गेले होते. कावळा लगेच शिवला, भावकीला बरं वाटलं. रेश्मा माझ्याशी बोलली नाही. निघताना नुसतं म्हणाली, "आता दोघंबी कोरड्यात हायेत म्हणायचं." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

त्या दिवशी परत येऊन मी बेल काढली. आप्पांनी हौशाचं दावं तेवढं काढू दिलं नाही. काम तर करावंच लागतं. उद्या सोमवार, लाइट आले की मी लॅपटॉप उघडेन, तू हवं तर शेजारी बसून बघ. फोनला मी हातसुद्धा लावणार नाही. लॅपटॉप एकदाच विचारतो, तुम्हीच आहात का?

आता मान्य दोनदा येतं.